बाराही बेड हिरवे

४ फेब्रुवारी, सकाळी ६.३०
आयसीयूत आयुष्य घालवणाऱ्या तमाम डॉक्टरहो! पेशंट बिघडायला लागला की त्याच्या बायकोला दारातून कळतं, सिस्टरांना खाटेजवळून कळतं, झाडूवाल्या मावशींनासुद्धा कळतं. आणि आपल्याला? आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतं! मग आपण धावतो. धावण्याला वैद्यक म्हणत नाहीत, शर्यत म्हणतात, आणि ती आपण तीस वर्षं हरत आलो आहोत. हे किती दिवस चालू द्यायचं?

(अठ्ठावीस तारखेच्या परिषदेतल्या भाषणाची सुरुवात. दाढी करताना म्हटली. "शर्यत" या शब्दावर गाल कापला. परिणामकारक.)

आमचं मॉडेल तयार आहे. सहा वर्षांच्या नोंदी, आठ हजार पेशंट. बीपी, नाडी, ऑक्सिजन, ताप, सगळं कॉम्प्युटरला शिकवलं. आता तो सहा तास आधी सांगतो, कोण कोसळणार. जुन्या नोंदींवर तपासलं तर शंभर कोसळलेल्यांतले एक्क्याण्णव त्याने ओळखले. मॉडेल आकडेबाईंनी बनवलं (संख्याशास्त्राच्या बाई, अबोल, सतत शंका घेतात), पण दृष्टी माझी.

ठराव: भाषण वीस मिनिटांत बसवणे. सध्या पंचावन्न होतं.

७ फेब्रुवारी
आकडेबाई आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, डॉक्टर, निकाल फारच चांगला आलाय. मी म्हटलं, अभिनंदन. म्हणाल्या, नाही हो, इतका चांगला निकाल आला की मला झोप लागत नाही. मी म्हटलं, मला छान लागते. त्यांना अजून दोन महिने हवेत, मॉडेल नेमकं कशावरून ओळखतं ते बघायला. मी सांगितलं, आंबा गोड लागला की मुळं उकरायची नसतात. त्यावर कागद गोळा करून गेल्या. पटलं असावं.

९ फेब्रुवारी, रात्री
मोठ्या सिस्टरांबद्दल लिहायलाच हवं. आयसीयूत एकोणीस वर्षं आहेत, बाई कामसू, त्याबद्दल वाद नाही. पण शिस्त? नियम असा की दर तासाला प्रत्येक पेशंटची एक नोंद. यांचं काय चालतं? कुठे तासाला एक, कुठे दहा मिनिटांना एक! बेड तीनच्या चार्टवर आज दोन ते तीनच्या मधे सात नोंदी. सातही नॉर्मल.

विचारलं, सिस्टर, हे काय? म्हणाल्या, सर, बरं नाही वाटलं. मी म्हटलं, पेशंटला? म्हणाल्या, नाही, मला.

हे माझ्या सहा वर्षांच्या डेटाचं भांडवल! "मला बरं नाही वाटलं!" विज्ञान असं उभं राहत नसतं. लिहिणाऱ्याने आपलं मन चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून आत यावं.

बेड तीनचा पेशंट संध्याकाळी पाचला बिघडला. योगायोग.

१२ फेब्रुवारी
अधीक्षकांची भेट. विजय! बाराही बेडच्या मॉनिटरला मॉडेल जोडायला मंजुरी. एक मोठी स्क्रीन, बारा चौकोन: हिरवा, पिवळा, लाल, आणि प्रत्येकात कोसळण्याची शक्यता, टक्क्यांत. सोमवारपासून मॉनिटर स्वतःच दर तासाच्या ठोक्याला नोंद करणार. हाताने लिहिणं बंद. डेटा आरशासारखा स्वच्छ.

बदल्यात त्यांना एक सीनियर सिस्टर हवी, नेत्रविभागात माणूस नाही. म्हणाले, तुमचं यंत्र नजर ठेवणार म्हणता, मग एक जोडी डोळे आम्हाला द्या. मी पापणीही न लवता मोठ्या सिस्टरांचं नाव सांगितलं. अशा निर्णयांना छाती लागते.

लगेच अहवाल लिहायला घेतला. पान अकरावर एक वाक्य उतरलं आहे: "जिथे यंत्र पाहते, तिथे माणसाने डोळे लावून बसणे हा डोळ्यांचा अपव्यय होय." हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, आणि जिथे नवरा बोलतो तिथे बायकोने कान लावून बसणं?

ही शाळेत भूगोल शिकवते. विनोद करायची खोड तिथूनच लागली.

१६ फेब्रुवारी
स्क्रीन लागली. बाराही बेड हिरवे. सकाळी हिरवे, दुपारी हिरवे, सात वाजता घरी निघालो तेव्हाही हिरवे. आयसीयूच्या इतिहासात असा दिवस उगवला नव्हता. यंत्राच्या नुसत्या उपस्थितीने सगळे सावध होऊन काम सुधारतं, हे मी अहवालात लिहिलंच होतं. पान सात.

ठराव: उद्यापासून सिस्टरांशी गोड बोलायचं. जायच्याच आहेत.

२० फेब्रुवारी
पाच दिवस सगळं हिरवं. फक्त बेड दोनचे आजोबा हिरव्यातच गेले. तसे ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते. मॉडेलचा दोष नाही; काही माणसं कुणाचंच ऐकत नाहीत.

मोठ्या सिस्टर त्या दुपारी दोनदा माझ्या केबिनच्या दारात आल्या होत्या. सर, बेड दोन जरा बघता का? दोन्ही वेळा मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. आठ टक्के, सिस्टर, आठ! तिसऱ्यांदा आल्या नाहीत.

हे लिहिताना थोडं जड वाटतंय. बहुतेक जेवण.

२२ फेब्रुवारी
बेड सातवर नवीन पेशंट. टायपिंग क्लासवाल्या बाई, वय सत्तावन्न. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, पण शुद्धीवर, हुशार. ऑक्सिजनचा मास्क लावलेला असतानाही मला म्हणाल्या, डॉक्टर, तुमचं अक्षर भयंकर आहे, बरी झाले की या क्लासला.

त्यांचा मुलगा रोज दहाला दाराशी उभा असतो. मी नवी पद्धत सुरू केली आहे: नातेवाइकांना गोलमोल बोलायचं नाही, आकडा सांगायचा. म्हटलं, चौदा टक्के. त्याने हात जोडले. पूर्वी मी अर्धा तास समजावत असे. आता दोन शब्दांत माणूस निर्धास्त होतो.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
परिषद. बोललो! अठ्ठेचाळीस मिनिटं. अध्यक्षांनी तीनदा चिठ्ठी पाठवली, तिन्ही मी कौतुकाच्या समजून खिशात टाकल्या. "डोळ्यांचा अपव्यय" या वाक्याला सभागृह उठून उभं राहिलं. तीन हॉस्पिटलांनी अहवाल मागितला, तिथल्या तिथे दिला. आकडेबाई मागच्या रांगेत होत्या, टाळ्या वाजवत नव्हत्या. नंतर म्हणाल्या, डॉक्टर, स्क्रीन लावल्यापासून एकही लाल चौकोन आलेला नाही, तुम्हाला विचित्र नाही वाटत? मी म्हटलं, बाई, पोलीसचौकी आल्यावर चोऱ्या थांबल्या तर चौकीवर संशय घेता का? म्हणाल्या, चोऱ्या थांबल्यात का ते आधी बघते.

बघा म्हटलं, खुशाल बघा.

१ मार्च
मोठ्या सिस्टरांचा आयसीयूतला शेवटचा दिवस. निरोपाचं भाषण मी केलं. त्या अर्ध्यातून उठून बेड सातची सलाईन बदलून आल्या.

जाताना म्हणाल्या, सर, टायपिंगवाल्या बाईंकडे लक्ष असू द्या. मी स्क्रीन दाखवली. अकरा टक्के, आणि हिरवं. म्हणाल्या, हो, स्क्रीनचं असेलच. तुमचं असू द्या.

थोडा अपमान वाटला. सोडून दिलं.

४ मार्च
दुपारी ३.२०. बेड सात कोसळला.

मी समोरच्या खोलीत अहवालाची दुसरी आवृत्ती वाचत होतो. खाटेजवळच्या मॉनिटरचा अलार्म वाजला तेव्हा बाई निळ्या पडल्या होत्या. नळी टाकली, व्हेंटिलेटर लावला. चाळीस मिनिटं. जगल्या. बेशुद्ध आहेत.

मधे एकदा मान वर केली. स्क्रीनवर बेड सात: अकरा टक्के. हिरवा.

मुलगा दाराशी. त्याने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, डॉक्टर, आज आकडा काय? मला अकरा म्हणवेना. मी म्हटलं, बघतोय.

५ मार्च
केबलचा दोष असणार. इलेक्ट्रिशियन बोलावला. म्हणाला, केबल ठणठणीत आहे साहेब. दुसरा बोलावला. तोही तेच म्हणाला. हल्ली कामाची माणसंच मिळत नाहीत.

तरी केबल बदलून घेतली. बेड सात: दहा टक्के. व्हेंटिलेटरवरची बेशुद्ध बाई, दहा टक्के. हिरवी.

ठराव: चिडायचं नाही. चिडलो. इलेक्ट्रिशियनवर.

८ मार्च, सकाळी
आकडेबाई आल्या. बसायला सांगितलं तर बसल्या नाहीत. दोन कागद टेबलावर ठेवले.

त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्या सोयीने आठवणार नाही.

म्हणाल्या, डॉक्टर, मी जुन्या डेटातून सगळे आकडे काढून टाकले. बीपी काढलं, नाडी काढली, ऑक्सिजन, ताप, सगळं. फक्त वेळा ठेवल्या. नोंद किती वाजता झाली, एवढंच. आणि मॉडेल पुन्हा चालवलं.

मी म्हटलं, मग काय उरणार? भोपळा!

म्हणाल्या, नव्वद. आधी शंभरातले एक्क्याण्णव ओळखत होतं, आता नव्वद.

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. मॉडेलने पेशंटकडे कधी पाहिलंच नाही, डॉक्टर. ज्या चार्टवर तासाला एक नोंद, तो पेशंट ठीक. ज्या चार्टवर अचानक दहा-दहा मिनिटांना नोंदी, तो सहा तासांत कोसळणार. एवढंच ते शिकलं. आठ हजार पेशंट, पण ते बघत होतं एकाच बाईकडे.

दुसरा कागद मोठ्या सिस्टरांच्या रजांचा होता. त्या रजेवर असतील त्या आठवड्यांत मॉडेल शंभरातले चाळीससुद्धा ओळखत नव्हतं.

मग मॉनिटर दर तासाला ठोक्यावर नोंद करायला लागला, तेव्हा? मी विचारलं. उत्तर माहीत होतं.

म्हणाल्या, तेव्हा मॉडेलच्या दृष्टीने कुणालाच कुणाची काळजी वाटेनाशी झाली. बाराही बेड हिरवे.

८ मार्च, संध्याकाळी
हिला सांगितलं. म्हणाली, म्हणजे सहा वर्षं सिस्टर जे सांगत होत्या तेच तुम्ही ऐकणार होता, फक्त मशीनमधून काढून. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि वळसा घालून आल्यावर कळसाच दुसऱ्याला देऊन टाकलात.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिने हात वर केला. अहो, आज नको.

९ मार्च
निराश व्हायचं कारण नाही. चूक मान्य करणारा माणूस मोठा असतो, आणि मी ती अकरा पानांत मान्य केली आहे. अधीक्षकांना पत्र: मॉडेल थांबवा, मोठ्या सिस्टरांना परत आणा. विज्ञानाचा इतिहास, नम्रतेची परंपरा, यंत्र आणि करुणा, सगळं त्यात आलं. पान सहा विशेष जमलंय. वाचताना अधीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर मी वक्ता नव्हे.

११ मार्च
अधीक्षकांनी बोलावलं. पत्र टेबलावर होतं, पिन तशीच. म्हणाले, डॉक्टर, एवढं वाचायला वेळ कुठे आहे? तोंडी सांगा.

तोंडी सांगितलं. पेटून सांगितलं. त्यांनी शांतपणे माझा अहवाल काढला, चष्मा लावला आणि पान अकरा वाचलं. माझ्यापेक्षा चांगलं वाचतात. "जिथे यंत्र पाहते, तिथे माणसाने डोळे लावून बसणे..." म्हणाले, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, मीच, पण तेव्हा मला माहीत नव्हतं. म्हणाले, पण लिहिलंय तर अगदी माहीत असल्यासारखं! तीन हॉस्पिटलांनी तुमचंच बघून सिस्टर कमी केल्या, आता मी कुणाकुणाला फोन करू? आणि हो, परिषदेत उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा तुमचं पटलं होतं. आता पटत नाही, कारण आता तुम्ही घाईत बोलताय.

आयुष्यभर लोकांना पटवत आलो. एकदा पटलेलं काढून कसं घ्यायचं, हे कुणी शिकवलं नाही.

पत्र दुसरं: तीन पानं.

१२ मार्च
मोठ्या सिस्टर जेवणाच्या सुट्टीत आपणहून वर आल्या. बेड सातपाशी पाच मिनिटं उभ्या राहिल्या, गेल्या. दुपारी त्यांना मेमो. विनापरवाना आयसीयूत प्रवेश. तो नियम अहवालात पान चौदावर आहे. "भावनिक वावराने डेटा दूषित होतो." माझंच.

आता लेखी हुकमाशिवाय त्यांना जिना चढता येत नाही.

दुसरं पत्र परत आलं. वर पेन्सिलीने: "पुढील बैठकीत." पुढील बैठक एप्रिलमध्ये.

१४ मार्च
मी स्वतः बेड सातपाशी बसतोय. स्टूल घेतलं, वही घेतली. ठरवलं, सिस्टर लिहायच्या तसं आपण लिहायचं. दर पाच मिनिटांनी बीपी, नाडी, ऑक्सिजन. सकाळी नऊ ते दुपारी एक, अठ्ठेचाळीस नोंदी. मग लक्षात आलं: मी दर पाच मिनिटांना लिहितोय, म्हणजे मी काहीच सांगत नाहीये. मॉनिटर तासाला लिहितो, मी पाच मिनिटांना, फरक तेवढाच. सिस्टर कधी लिहायच्या आणि कधी नाही, सगळं ज्ञान त्यात होतं. ते माझ्याकडे नाही. एकोणतीस वर्षं आयसीयूत आहे आणि मला घाबरायचं कधी, हे माहीत नाही.

नेत्रविभागात फोन केला. मागे गोंधळ, थेंब घालायला शंभर माणसं रांगेत. विचारलं, सिस्टर, तुम्ही बघायच्या तरी काय? म्हणाल्या, काय सर? म्हटलं, बेड सात. चार्टवर सगळं नॉर्मल असताना तुम्हाला बरं वाटायचं नाही, ते कशावरून?

म्हणाल्या, अहो, बाई चादरीवर टाईप करायच्या ना. बोटं चालू असायची सारखी, पडल्यापडल्या. दमायला लागल्या की आधी करंगळी थांबायची. मग मी खुर्ची ओढायचे. पण सगळ्यांचं तसं नसतं हो सर. बेड दोनच्या आजोबांनी भांडणं सोडलं होतं. कुणी नुसतंच दाराकडे बघायचं सोडतं. आता हे कुठल्या रकान्यात भरणार तुम्ही?

मी म्हटलं, मी कधीच पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही बोलत असायचात, सर.

टोचून म्हणाल्या नाहीत. त्यामुळे जास्तच लागलं. मग म्हणाल्या, सर, ठेवते हं, रांग अडलीय.

१५ मार्च
बाई थोड्या शुद्धीवर. डोळे उघडतात. ताप उतरला, फुप्फुसं सुधारली. उद्या दुपारी दोनला नळी काढायची ठरतंय. बराच वेळ नळी ठेवणं घातक, आणि काढल्यावर स्वतःच्या दमाने श्वास झेपला नाही तर त्याहून घातक. दुसऱ्यांदा नळी टाकून त्या उठतील असं मला वाटत नाही. सगळे आकडे म्हणतात, काढा. स्क्रीन म्हणते, नऊ टक्के. स्क्रीन अजून चालू आहे, बंद करायला बैठकीची मंजुरी लागते.

बोटं बघतोय. हलतात. मधेच थांबतात. हे दमणं की झोप? करंगळी आहे की त्या शेजारचं बोट? मला ओळखू येत नाही. जी बाई सांगू शकते ती दोन मजले खाली थेंब घालतेय, मी लिहिलेल्या नियमाने.

मुलगा आला. त्याने आकडा विचारला नाही. म्हणाला, त्या सिस्टर दिसत नाहीत हल्ली? आई त्यांच्याशी बोलायची. मी म्हटलं, त्यांची बदली झाली. म्हणाला, कुणी केली? उत्तर दिलं, हळू आवाजात. त्याने माझ्याकडे बघितलं आणि आईपाशी जाऊन बसला.

ही रात्री म्हणाली, उद्याच्या पत्रात काय लिहिणार आहात? मी पहिलं वाक्य म्हणून दाखवलं, "इतिहास साक्षी आहे..." तिने पेनच काढून घेतलं. म्हणाली, अधीक्षकांना किती वाजता काय करायचं तेवढं सांगा. बाकी सगळं त्यांनी तुमच्याकडून आधी ऐकलंय.

ठराव: विशेषण नाही.

१६ मार्च, सकाळी ७.१०
पत्र तिसरं. आठला अधीक्षकांचं दार उघडतं, तिथेच उभा राहणार आहे. पहिल्या खर्ड्यात पाच ओळी होत्या, तीन खोडल्या. उरलं ते असं:

साहेब, आज दुपारी दोन वाजता बेड सातची नळी काढायची आहे, आणि काढावी की नाही हे मला सांगता येत नाही.
मोठ्या सिस्टरांना दीड वाजता वर पाठवा. खाली हुकूम टाईप केला आहे, त्यावर सही करा.